पहिल्या पुस्तकाच्या आधीची गोष्ट: अतिमानवी शक्तींच्या किशोर-मालिकेसाठी पूर्वकथा कशी लिहावी

पूर्वकथेच्या वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. नायिकेला शक्ती मिळणार, ती वाचणार, तिचे आजोबा जाणार, हे सगळं त्याने मालिकेच्या पहिल्या पुस्तकात वाचलेलं असतं. त्यामुळे 'पुढे काय होणार?' या प्रश्नावर ही कथा तरत नाही. 'असं का झालं आणि त्यापायी काय गमावलं?' हा तिचा प्रश्न. तो एका वाक्यात मांडता येत नसेल, तर लिहायची घाई करू नका.

आधी पेन्सिल घेऊन मालिका पुन्हा वाचा. भूतकाळाचा उल्लेख येईल तिथे तो पान क्रमांकासह वहीत उतरवा. वहीत चार रकाने पुरतात: पान, उल्लेख जसाच्या तसा, पात्राचं तेव्हाचं वय, आणि ही गोष्ट तेव्हा कोणाकोणाला माहीत होती. चौथा रकाना बहुतेक जण भरत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात. पहिल्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात नायिका खलनायकाला 'तुम्ही कोण?' असं विचारत असेल, तर पूर्वकथेत त्या दोघांची गाठ पडूच शकत नाही. कितीही झकास प्रसंग सुचला तरी तो सोडून द्यावा लागतो.

मग वर्षांचा हिशोब. समजा, मालिकेची नायिका मुक्ता इचलकरंजीची, म्हणजे यंत्रमागांच्या गावची आहे. पहिलं पुस्तक जून 2023 मध्ये सुरू होतं, ती नुकतीच दहावी झाली आहे, वय 16. वस्तूंमधली कंपनं तिला ऐकू येतात. शक्ती 'तीन वर्षांपूर्वी' आली, एवढंच पुस्तकात म्हटलंय. पहिला मोह होतो तो शाळेतल्या प्रसंगाचा: मधली सुट्टी, व्हरांडा, चिडवणारी पोरं. पण हिशोब करा. 2020 चा एप्रिल. मुक्ता सातवीत, शाळा बंद, परीक्षा रद्द, एसटी बंद. व्हरांड्यात कुणीच नाही.

ही अडचण नाही, हीच कथा आहे. जन्मापासून मुक्ता मागांच्या खटखटाटात वाढली. त्या गल्लीत माणसं मोठ्यानेच बोलतात. टाळेबंदीत यंत्रमाग थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा शांतता झाली. म्हणजे शक्ती त्या दिवशी आलीच नाही. ती आधीपासून होती, फक्त आवाजाखाली दबलेली होती. पहिल्या पुस्तकातल्या एकाही ओळीला धक्का न लावता वाचकाला नवं काही मिळालं. तारखांचा हिशोब काटेकोर केला की अशा जागा आपोआप सापडतात. म्हणून आमचा आग्रह असा की कथानक सुचायच्या आधी तारखा मांडा.

शक्तीचं मोजमाप आकड्यांत ठरवा. पहिल्या पुस्तकात मुक्ताला 100 मीटरवरचं ऐकू येत असेल, तर इथे 15 पुरे, आणि तेही भिंतीला किंवा टाकीला अंग टेकलेलं असेल तरच. तिथे 20 मिनिटांनी कान ठणकतो, तर इथे पाचव्या मिनिटाला ठणकू द्या. सर्वांत जास्त कथा इथे बिघडतात. शेवट दणदणीत व्हावा म्हणून लेखक तेरा वर्षांच्या मुलीकडून असं काही करवून घेतो की सोळाव्या वर्षीची तिची धडपड खोटी वाटू लागते. शेवट शक्तीने नव्हे, निर्णयाने सोडवा. आजोबांचा श्वास अडखळतोय हे मुक्ताला ऐकू येतं. 'तुला कसं कळलं?' असं घरचे विचारतील, या भीतीने ती सकाळपर्यंत गप्प राहते. पहिल्या पुस्तकातला तिचा अपराधभाव आता कुठून आला ते कळतं.

सुरुवात कशी नसावी: 'मुक्ताला अजून ठाऊक नव्हतं की तीन वर्षांनी तिचं आयुष्य बदलणार आहे.' हे वाक्य वाचकाला कथेतून उचलून पहिल्या पुस्तकात नेऊन ठेवतं. त्याऐवजी असं: 'माग बंद पडून चौथा आठवडा. मुक्ता पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसली होती आणि टाकीतून आजोबांचा श्वास येत होता. आजोबा गल्लीपलीकडच्या घरात झोपले होते.' शक्ती दिसली, मर्यादा दिसली, धोकाही दिसला. 'शक्ती' हा शब्द मात्र कुठेच आला नाही.

मालिकेतली प्रत्येक खूण उलगडायच्या फंदात पडू नका. कपाळावरचा व्रण, गळ्यातली मागाच्या धोट्याची चकती, आवडतं गाणं, सगळ्यांचा उगम एकाच कथेत आला की जग आक्रसतं. एकच खूण निवडा. पुढच्या साथीदारांची भेटही घडवू नका. फार तर लंगडत जाणारं एखादं पाऊल भिंतीतून ऐकू येऊ द्या आणि नाव सांगू नका. मालिका वाचलेला वाचक ते पाऊल ओळखतो.

नायिकेऐवजी दुय्यम पात्र घेतलं तर हात जास्त मोकळा राहतो. 'आय अ‍ॅम नंबर फोर' या इंग्रजी किशोर-मालिकेत पहिल्या पुस्तकात उशिरा येणाऱ्या नंबर सिक्स या पात्राची पूर्वकथा 2011 मध्ये दुसऱ्या पुस्तकाच्या थोडी आधी ई-बुक म्हणून आली. 2012 मध्ये अशा तीन कथांचं छापील पुस्तक निघालं. दोन पुस्तकांमधली ही जागा पूर्वकथेसाठी उत्तम, कारण पात्र ओळखीचं झालेलं असतं आणि उत्सुकता अजून टिकून असते.

लांबीचं म्हणाल तर विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीच्या अमेरिकेतल्या नेब्युला पुरस्काराच्या नियमांत 7,500 पेक्षा कमी शब्दांची ती लघुकथा, आणि 17,500 ते 40,000 च्या आतली लघुकादंबरी. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. एका प्रसंगाच्या पूर्वकथेला 5,000 शब्द भरपूर झाले.

कच्चा खर्डा चार जणांना द्या, दोन मालिका वाचलेले आणि दोन न वाचलेले. न वाचलेल्यांना विचारा, कुठे अडलात? वाचलेल्यांना विचारा, कोणती गोष्ट आधीच माहीत होती म्हणून पानं उलटलीत? दुसऱ्या उत्तरातली पानं कापून टाका.

सर्वांत शेवटी पूर्वकथेचं अखेरचं पान आणि पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान सलग, मोठ्याने वाचा. तेरा वर्षांची मुक्ता सोळा वर्षांच्या मुक्तासारखीच बोलत असेल, तर तिची वाक्यं छोटी करा, तिला जास्त प्रश्न विचारू द्या आणि टोमणे काढून टाका. टोमणे मारायला ती नंतर शिकली.