स्पार्क प्लग घरी बदलताना आटे सांभाळा

पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग (ठिणगी पाडून इंधन पेटवणारे भाग) बदलणे हे घरच्या पार्किंगमध्ये तासाभरात उरकण्यासारखे काम आहे, आणि त्यात मोठे नुकसान होण्याची जागा जवळपास एकच आहे, ती म्हणजे प्लग ज्या भोकात बसतो त्याचे आटे. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा प्लग बसणारा वरचा भाग, अॅल्युमिनियमचे असते आणि प्लगचे आटे पोलादी असतात, त्यामुळे प्लग तिरका घुसवला तर झिजते ते हेडच. मग काही शे रुपयांच्या कामासाठी हेडमध्ये नवे आटे पाडून घेण्याची वेळ येते. म्हणून पुढे जे सांगितले आहे, त्यात ताकद लावण्यापेक्षा हाताला काय जाणवते याकडे लक्ष देण्यावर भर आहे.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज पुरवणारा भाग) असलेली आजची पेट्रोल गाडी. मारुतीच्या के-सिरीजमधल्या १.० लिटर इंजिनाला तीन प्लग असतात, १.२ लिटर चार सिलिंडरच्या इंजिनाला चार. होंडा सिटीच्या जुन्या आय-डीएसआय इंजिनाला मात्र चार सिलिंडरसाठी आठ प्लग लागत, तेव्हा खरेदीला जाण्यापूर्वी मोजून घेतलेले बरे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतातच.

साधे निकेलचे प्लग ढोबळमानाने ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात आणि चांगले इरिडियम प्लग एक लाखापर्यंत जाऊ शकतात, पण अंतिम शब्द गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेचा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग लवकर बदलावे लागतात, कारण वायूच्या मिश्रणातून ठिणगी पाडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच चढावर झटके देऊ लागली, तर संशयाची सुई सर्वांत आधी प्लगकडे वळवावी.

प्लग विकत घेताना त्याच्यावरचा क्रमांक पुस्तिकेतल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवावा. त्या क्रमांकात आट्यांचा व्यास, त्यांची लांबी, प्लग किती उष्णता बाहेर टाकतो आणि गॅप (ठिणगी पडते ते दोन टोकांमधले अंतर) किती, हे सारे सांकेतिक रूपात असते. एनजीकेच्या क्रमांकाच्या शेवटी १० असेल तर गॅप १.० मिलिमीटर आणि ११ असेल तर १.१ मिलिमीटर असते. उष्णतेचा आकडा मात्र फसवा आहे: एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे ‘थंड’, उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग, तर बॉशमध्ये नेमके उलटे. त्यामुळे एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग अंदाजाने उचलू नये.

हत्यारे थोडीच लागतात. आत रबर किंवा चुंबक असलेली प्लगची गोटी (बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटरची, काही नव्या गाड्यांना १४ची), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, कॉइलच्या बोल्टसाठी बहुधा १० मिलिमीटरची गोटी आणि गॅप मोजायला फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकेच आवळू देणारा पाना) मित्राकडून मागून आणावा लागला तरी आणावा.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लगला हात लावू नये. रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघडणे उत्तम. गरम हेडमधून प्लग काढताना आटे सोबत खरवडून येण्याची भीती असते. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, इंजिनावरचे प्लास्टिकचे झाकण आणि आड येत असल्यास एअर फिल्टरचा डबा बाजूला करावा. कॉइलच्या कनेक्टरची खिटी दाबूनच तो ओढावा, कारण जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि खिटी तुटली की कनेक्टर पुढे सैल पडत राहतो. बोल्ट काढल्यावर कॉइल आधी डावीउजवीकडे थोडी फिरवून मोकळी करावी आणि मग सरळ वर उचलावी. मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत कॉइलऐवजी जाड वायरी असतात. तिथे एका वेळी एकच वायर काढावी, म्हणजे क्रम चुकत नाही.

आता एक पायरी, जी घाईत हमखास राहते. कॉइल काढल्यावर दिसणाऱ्या खोल विहिरीत धूळ आणि बारीक खडे साचलेले असतात, आणि प्लग निघाला की ते थेट सिलिंडरमध्ये पडतात. म्हणून प्लग सैल करण्यापूर्वी हवा मारून विहीर साफ करावी. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप आणि पातळ नळी पुरते. प्लग निघत नसेल तर रॅचेटला पाइप लावून जोर काढू नये. आट्यांपाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून थांबावे आणि मग प्लग थोडा सैल, थोडा घट्ट असे करत हळूहळू बाहेर आणावा.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत, कारण तो इंजिनाचा आरोग्य अहवालच असतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सारे ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर लगेच पाहावा. टोकावर तेलाचा ओला थर म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल आत येते आहे. तेल फक्त विहिरीत आणि प्लगच्या वरच्या भागावर असेल, तर दोष बहुधा टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) गॅस्केटचा, आणि ती दुरुस्ती स्वस्तातली. पांढरेफटक, फोड आलेले टोक इंजिन अति तापत असल्याचे सांगते. तेव्हा केवळ प्लग बदलून गप्प बसू नये.

नव्या प्लगचा गॅप फीलर गेजने तपासावा. इरिडियम प्लगचे मधले टोक अतिशय बारीक असल्याने त्यावर कसलाही दाब देऊ नये. गॅप चुकीचा निघाल्यास प्लग दुकानदाराला परत करावा. जमिनीवर पडलेला प्लग बसवू नये, आतल्या चिनी मातीला गेलेली चीर बाहेरून दिसत नाही.

बसवताना रॅचेट बाजूला ठेवावे. प्लग गोटीत अडकवून एक्स्टेन्शन फक्त बोटांनी धरावे, प्लग अलगद खाली सोडावा आणि आधी तो उलट्या दिशेने हळू फिरवावा. एका क्षणी आटे एकमेकांत बसल्याची बारीकशी टक् जाणवते. तिथून सुलट फिरवायला सुरुवात करावी. प्लग तळाला टेकेपर्यंत बोटांनीच फिरला पाहिजे. दुसऱ्या फेऱ्यालाच अडला, तर तो तिरका आहे. पूर्ण काढून पुन्हा सुरुवात करावी. पाहिजे तर गोटीऐवजी रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून प्लग फिरवावा, कारण आटे चुकले की नळी हातात घसरते आणि जास्त जोर लागतच नाही. आट्यांना ग्रीस लावू नये. त्याने प्लग ठरलेल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळला जातो, आणि एनजीकेसारखी कंपनी तर तसे करू नका असेच सांगते.

शेवटचे आवळणे टॉर्क रेंचने करावे. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०; पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. रेंच मिळालाच नाही, तर १४ मिलिमीटरचा नवा प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोनतृतीयांश फेरा पुरे, त्यात वॉशर दबतो. तोच प्लग पुन्हा बसवायचा असेल तर बाराव्या हिश्श्याएवढाच फेरा द्यावा. निमुळत्या बैठकीच्या, विनावॉशर प्लगला त्याहूनही कमी, सोळाव्या हिश्श्याएवढा फेरा लागतो.

कॉइल खाली दाबून बसवावी, बोल्ट बेताने आवळावा, कनेक्टरचा ‘टक्’ आवाज ऐकावा आणि बॅटरी जोडून गाडी सुरू करावी. इंजिन थरथरत असेल तर आधी कनेक्टर पाहावेत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी तशीच चालवू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करते. स्कॅनरवर पी०३०२ असा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग आहे, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही, असे समजावे. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावून पाहावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल बदलायची, आणि तो जागचा हलला नाही तर त्या सिलिंडरचा प्लग पुन्हा उघडून पाहायचा.