घड्याळ ठोके मोजतंय की पावलं?

हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, हाडापासून दोन बोटं कोपराकडे सरकवून बांधा. व्यायामापुरता पट्टा घट्ट हवा, हात झटकला तरी घड्याळ हलता कामा नये. मागचे हिरवे दिवे त्वचेखालच्या रक्ताचा चढउतार टिपतात. फट राहिली की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडे भरकटतात. मनगटावर गडद गोंदण असेल तर दुसरा हात वापरा.

धावताना एक गंमत होते. आपण आरामात गप्पा मारत पळत असतो आणि घड्याळ १७० दाखवतं! अशा वेळी ते बहुधा ठोके सोडून पावलांचा ताल पकडून बसलेलं असतं. शंका आली तर थांबा, लगेच मानेच्या बाजूला हलकेच दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. उशीर केलात तर ठोके झपाट्याने उतरतात.

चालणं, सावकाश धावणं यासाठी मनगटावरचं घड्याळ पुरतं. वजनं उचलताना मात्र मूठ आवळली की ते गोंधळतं. तिथे छातीचा पट्टाच बरा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. म्हणून खरेदी करताना ब्लूटूथवरून असा पट्टा जोडता येतो का, ते आधी विचारा. रंगीत स्क्रीनचं कौतुक नंतर.

मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात, त्याचा ‘२२० वजा वय’ हा हिशेब ढोबळ आहे, १०-१२ ठोके इकडेतिकडे सहज होतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो लागूच पडत नाही. मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.