अलीकडचा इतिहास शिकवताना या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी पुण्यात नववी-दहावीला इतिहास शिकवते. सुट्टीत नव्या शिक्षकांचे सराव पाठही ऐकते. स्वातंत्र्यानंतरचा भारत आला की दरवर्षी त्याच चुका कानावर पडतात.

आदिवासींबद्दल भूतकाळात बोलणं. 'ते जंगलात राहत, कंदमुळं खात, निसर्गाची पूजा करत.' मग ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, मुलांना कागदी पानं गुंडाळून नाचवायचं, फळ्यावर वारली चित्र काढायचं आणि विषय संपवायचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे एक कोटीहून जास्त लोक होते, म्हणजे शंभरात नऊ. त्यांची मुलं तुमच्या वर्गातही बसलेली असू शकतात, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

माझ्याही नव्हतं. एकदा 'धरणं आणि विस्थापन' शिकवत होते. सरदार सरोवर, नंदुरबारची गावं, नर्मदेचं आंदोलन, सगळं नकाशासकट. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आमचं घर पण पाण्यात आहे." मला वाटलं, नदीकाठची वस्ती असेल. विचारलं, "पावसाळ्यात शिरतं का गं पाणी?" ती म्हणाली, "नाही बाई, कायमचंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी जोतं दाखवते."

ती महादेव कोळी, आंबेगाव तालुक्यातली. घर गेलं होतं डिंभे धरणात. मंचर, घोडेगाव करत भीमाशंकरला जाताना मी त्याच जलाशयाकाठी थांबून फोटो काढले होते. नर्मदेची गावं मला पाठ होती आणि माझ्याच जिल्ह्यातलं बुडालेलं गाव मला ठाऊक नव्हतं.

त्याहून मोठी चूक दुसऱ्या दिवशी केली. तिला उभं करून म्हटलं, "सांग बरं सगळ्यांना." ती खाली मान घालून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. कुठल्याही मुलाला त्याच्या जमातीचा नमुना म्हणून वर्गापुढे उभं करू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा ते आपणहून सांगतं.

पुढच्या मे महिन्यात मी तिकडे जाऊन आले. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वेचून वाळवणारी घरं पाहिली. डोंगरउतारावर एकमेकांच्या मदतीने भातखाचरं पाडायची, ती पडकई समजून घेतली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांनीच त्या पाण्यात मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली, हेही तिथेच कळलं. तेव्हापासून माझी सवय अशी: विस्थापन शिकवताना आधी डिंभे, मग नर्मदा.

पानशेतचंही तसंच. पुणेकराला पानशेत म्हटलं की धरण फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो, आणि तो शिकवायलाच हवा. गोखलेनगरसारख्या पूरग्रस्त वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या, शहराचा नकाशा बदलला. पण धरणासाठी जी गावं उठली, त्यांची माणसं कुठे गेली, हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

कायदा झाला की प्रश्न सुटला असं सांगणं. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून लोक १९५२ मध्ये मुक्त झाले, इथवर पाठ्यपुस्तकी उत्तर येतं. कपाळावरचा शिक्का त्यानंतर किती वर्षं राहिला, ते येत नाही. वनहक्क कायदा २००६ चा, जंगलात राहणाऱ्यांना कसत असलेल्या जमिनीचा हक्क देणारा. तो शिकवताना मी मुलांना दावा कसा करतात ते करायला लावते: ग्रामसभा, वनहक्क समिती, १३ डिसेंबर २००५ ही तारीख (जमीन तिच्या आधीपासून ताब्यात असावी लागते), पुरावे. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा या कायद्यात पुरावा धरला जातो, हे कळल्यावर मुलं आजी-आजोबांकडे वेगळ्या नजरेने बघतात. याला चार तासिका लागतात. नवे शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम संपणार कसा? मी दुसरीकडे दोन तासिका वाचवते, याच्यात नाही.

आदिवासी आणि भटके-विमुक्त एकच समजणं. सरकारी याद्या वेगळ्या, इतिहास वेगळा. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, वडार विमुक्तांत. पाठाआधी यादी बघा.

व्हिडिओ लावून मोकळं होणं. वीस मिनिटांच्या व्हिडिओनंतर वीस मिनिटं बोलायला ठेवणार नसाल तर लावू नका.

तयारी न करता मुलांना जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायला पाठवणं. 'तुम्हाला कसं वाटलं?' या प्रश्नाला 'वाईट वाटलं' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी पुराबद्दल विचारायचं: त्या दिवशी चूल पेटली का? रात्री कुठे झोपलात? कागदपत्रं कुणी वाचवली? तारखा माणसं चुकतात, त्या जुन्या वर्तमानपत्रांत पडताळायच्या. पण चुकलेली तारीख खोडू नका, शेजारी बरोबर तारीख लिहा. आणीबाणीबद्दल विचारलं तर एकाच गल्लीत दोन उलट आठवणी निघतात. दोन्ही उतरवून घ्या.

संग्रहालयाची धावती सहल. क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे आधी एकटं जाऊन या. मुलांना सगळी दालनं दाखवू नका. मी प्रत्येकाला एकच वस्तू निवडायला सांगते आणि त्या वस्तूचं काम आज ती माणसं कशाने करतात, ते शोधून आणायला आठ दिवस देते.