वस्तीतल्या मुलांसाठी इंटरनेटशिवाय चालणारे अभ्यासकेंद्र कसे उभारावे

स्वस्त तंत्रज्ञानाने मुलांचे शिक्षण सुधारता येते का, या प्रश्नाचे एक ठोस उत्तर आपल्या बडोद्यातच मिळालेले आहे. गुजरात सरकारने २००० च्या सुमारास इथल्या महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि त्यांतले बरेचसे वापराविना पडून होते. ‘प्रथम’ संस्थेने पुढे चौथीच्या मुलांना त्या संगणकांवर दोघे-दोघे बसवले, आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळायला दिले आणि जवळ एक प्रशिक्षित माणूस ठेवला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे मोजमाप केले व ते २००७ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुलांचे गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले होते. म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेले मूल साधारण अठरा मुलांना मागे टाकून पुढे गेले, असे समजावे.

याच्या उलट बाजूला पेरू हा देश आहे. तिथल्या सरकारने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली लाखो यंत्रे वाटली. परंतु ३१९ शाळांत झालेल्या आणि २०१२ साली जाहीर झालेल्या अभ्यासात गणित किंवा भाषा या दोहोंत काहीही वाढ आढळली नाही. यंत्र मुलाच्या हाती दिले, पण त्यावर नेमके काय करायचे, कोणत्या पातळीपासून करायचे आणि अडल्यावर कोणाला विचारायचे, हे ठरवलेले नव्हते. म्हणून आपल्या वस्तीत, मंडळाच्या खोलीत किंवा देवळाच्या ओवरीत असे केंद्र सुरू करू इच्छिणाऱ्यांनी खरेदीच्या यादीपासून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी माणूस, मग मुलांची पातळी

सर्वांत आधी अशी एक व्यक्ती शोधावी, जी आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळचे दोन तास, वर्षभर खात्रीने येईल. तिला संगणक फारसा येत नसला तरी चालेल. मुलांच्या शेजारी बसण्याची तिला आवड हवी. मराठी घरांतली मुले तिला ताई म्हणतील आणि शेजारची गुजराती मुले बेन म्हणतील, आणि केंद्र टिकेल की नाही हे बहुतेक तिच्यावरच ठरेल. शक्य असल्यास तिला मानधन द्यावे. यंत्रांसाठी देणगी मिळते, माणसासाठी मिळत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. त्यामुळे देणगी मागतानाच वर्षभराच्या मानधनाची रक्कम यादीत सर्वांत वर लिहावी.

वेळ शाळेबाहेरचीच निवडावी. अहमदाबादच्या ज्ञानशाळा संस्थेच्या वर्गांत अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी केलेल्या अभ्यासात एकच गणिताचा कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला होता. शिक्षिकेच्या तासाऐवजी तो दिला तेव्हा मुलांचे नुकसान झाले, आणि शाळा सुटल्यावर जोड म्हणून दिला तेव्हा फायदा झाला.

पहिल्या आठवड्यात कोणतेही यंत्र न उघडता प्रत्येक मुलाची पातळी तपासावी. त्यासाठी ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची चाचणी उत्तम आहे, कारण ती एका कागदावर मावते आणि मराठी व गुजराती दोन्ही भाषांत मिळते. मूल अक्षर ओळखते की शब्द वाचते, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचते की दुसरीच्या पातळीची गोष्ट, आणि गणितात एकअंकी संख्या, दोनअंकी संख्या, हातच्याची वजाबाकी व भागाकार यांपैकी कुठवर पोहोचले आहे, हे पाच-सात मिनिटांत समजते. पाचवीतले मूल दुसरीची गोष्ट वाचू शकत नाही, असे आढळले तर दचकू नये आणि ते मुलासमोर बोलूनही दाखवू नये. इयत्ता बाजूला ठेवून या पातळीनुसार गट करावेत. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ करून दाखवली, त्यामागचे मुख्य कारण हेच मानले जाते की, तो प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीपासून शिकवत होता.

घरी मराठी आणि शाळेत गुजराती, अशी स्थिती असलेल्या मुलांची वाचनपातळी दोन्ही भाषांत तपासावी. एखादे मूल गुजरातीत अक्षरावर अडते पण मराठी शब्द वाचते, किंवा याच्या अगदी उलट घडते, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

कोणते साहित्य घ्यावे

केंद्राचा गाभा म्हणजे एक जुना लॅपटॉप, ज्यात सगळा मजकूर साठवलेला असेल आणि जो खोलीतल्या टॅब्लेटना वायफायवरून तो मजकूर पुरवेल. यासाठी पुष्कळ ठिकाणी रास्पबेरी पाय हा हातावर मावणारा संगणक सुचवला जातो आणि तो चांगलाही आहे. परंतु माझे मत जुन्या लॅपटॉपच्या बाजूने आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी तास मोडत नाही, आणि कोणी चुकून प्लग काढला तरी साठवण बिघडत नाही. मेमरी कार्डावर चालणारा छोटा संगणक असा अचानक बंद पडला, तर त्याचे कार्ड खराब होण्याचा धोका असतो. कार्यालयांतून निघालेला, ८ जीबी रॅमचा आणि एसएसडी (वेगवान साठवण) असलेला लॅपटॉप साधारण १२ ते १५ हजार रुपयांत मिळू शकतो. घेण्यापूर्वी तो दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून पाहावा आणि बॅटरी लवकर उतरत असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच सौदा करावा.

त्यासोबत आठ इंचांहून मोठ्या पडद्याचे चार टॅब्लेट घ्यावेत. एका वेळी आठ मुले, एका टॅब्लेटवर दोघे. पैसे हाताशी असले तरी प्रत्येकाला स्वतंत्र टॅब्लेट देण्याचा मोह टाळावा, कारण जोडीने बसलेली मुले एकमेकांना समजावतात आणि भांडता-भांडता उत्तराचे कारण मोठ्याने सांगतात. टॅब्लेटला हेडफोनचे गोल छिद्र आहे ना, हे आवर्जून पाहावे. ते असेल तर शंभरेक रुपयांच्या दुतोंडी जोडणीने दोघांना एकच आवाज ऐकता येतो. चार टॅब्लेटवर चार वेगवेगळे व्हिडिओ मोठ्याने लागले की दहा मिनिटांत सगळ्यांचे लक्ष उडते.

वायफायसाठी नवीन राउटर घेण्याची गरज नसते. ब्रॉडबँडची योजना बदलल्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरी जुना राउटर पडलेला असतो, आणि इंटरनेटची तार न लावताही तो खोलीतली यंत्रे एकमेकांना जोडून देतो.

मजकूर भरणे आणि जोडणी

लॅपटॉपवर ‘कोलिब्री’ हा मोफत कार्यक्रम बसवावा. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेने तो खास इंटरनेट नसलेल्या जागांसाठी बनवला आहे, तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो आणि त्याचा पडदा मराठीतही करता येतो. चांगले इंटरनेट असलेल्या घरी बसून त्यात मजकुराच्या वाहिन्या, म्हणजे धड्यांचे तयार संच, उतरवून घ्याव्यात. वाहिन्यांच्या यादीत भाषेची चाळणी लावून मराठी, गुजराती आणि हिंदी मजकूर पाहावा. खान अकादमीचे हिंदी धडे आणि ‘फेट’ची विज्ञान-गणिताची हलती प्रात्यक्षिके सुरुवातीला पुरेशी आहेत. संपूर्ण वाहिनी ओढून घेऊ नये. पातळी तपासून जे गट केले, त्यांना लागणारी प्रकरणे निवडून तेवढीच घ्यावीत, नाहीतर मुले निवडीतच हरवतात.

वाचनासाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरची पुस्तके उतरवावीत. ती मुक्त परवान्याखाली आहेत, त्यामुळे त्यांच्या प्रती काढणे आणि वाटणे पूर्णपणे वैध आहे. इथल्या मुलांना त्यांचा एक विशेष उपयोग आहे: अनेक गोष्टी त्याच चित्रांसह मराठी आणि गुजराती दोन्हींत मिळतात. मुलाने आधी सोप्या वाटणाऱ्या भाषेत गोष्ट वाचावी आणि दुसऱ्या दिवशी तीच दुसऱ्या भाषेत वाचावी. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे सगळे बळ अक्षरे उलगडण्यात लागते आणि प्रगती लवकर दिसते. मोठ्या मुलांसाठी ‘किविक्स’ या मोफत कार्यक्रमातून मराठी व गुजराती विकिपीडियाची प्रत ठेवता येते. शाळेच्या पाठ्यपुस्तकांना धरून काही हवे असल्यास पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी ॲपने वाचून धडा आधीच उतरवून ठेवावा.

राउटरच्या मांडणीत लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता (आयपी) कायमचा ठरवून टाकावा, म्हणजे तो रोज बदलणार नाही. त्या पत्त्याचा क्यूआर कोड छापून भिंतीवर लावावा; मुले टॅब्लेटचा कॅमेरा धरून थेट आत जातात. टॅब्लेटऐवजी घरचे फोन वापरणार असाल, तर एक अडचण जवळजवळ नक्की येते. या वायफायवर इंटरनेट नाही, हे लक्षात येताच फोन स्वतःहून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. त्यासाठी फोन विमान मोडवर टाकावा आणि मग फक्त वायफाय सुरू करावे.

मुलांची खाती बनवताना टोपणनाव पुरे. आडनाव, जन्मतारीख, आधार क्रमांक यांची या कामाला काहीही गरज नाही आणि गरज नसलेली माहिती आपण गोळा करू नये. लहान मुलांसाठी पासवर्डची अट कोलिब्रीत बंद करता येते.

सर्व साहित्य मावेल अशी, झाकणाची आणि मुठीची एक पेटी घ्यावी. विश्वामित्रीचे पाणी ऑगस्ट २०२४ मध्ये किती घरांत शिरले, हे आपण पाहिलेच आहे. नदीकाठच्या वस्तीत पेटी उंचावर ठेवावी, चार्जिंगचा बोर्डही कमरेच्या वर बसवावा आणि पावसाळ्यात पेटी रोज ताईंनी बरोबर न्यावी. सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेतून बोलावून घेतले आणि त्यानंतर बडोदे संस्थानात गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्या व्यवस्थेचा मला फार आदर वाटतो, आणि आपली पेटीही दोन वस्त्यांत आलटून-पालटून नेता येईल अशीच असावी.

एक तास कसा घ्यावा

पहिली दहा मिनिटे सर्वांनी एकत्र तोंडी गणित किंवा गोष्ट घ्यावी, पुढची पस्तीस मिनिटे जोडीने टॅब्लेटवर आणि शेवटची पंधरा मिनिटे पुन्हा कागदावर. जोडीतली बोट लावण्याची पाळी दर पाच उदाहरणांनी बदलावी, नाहीतर धीट मूल शेवटपर्यंत सोडत नाही.

मधल्या वेळात ताईंनी लॅपटॉपवरचे, मुलांची उत्तरे दाखवणारे कोलिब्रीतले प्रशिक्षकाचे पान उघडे ठेवावे. समजा, ५२ वजा १७ या उदाहरणाला आठांपैकी पाच मुलांनी ४५ उत्तर दिले. ही बेपर्वाईची चूक नाही. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार, असे मोठ्या अंकातून लहान अंक काढण्याचे ते काम आहे, आणि मुलांना हातचा मुळातच समजलेला नाही, एवढे त्यावरून कळते. अशा वेळी सगळे टॅब्लेट पालथे ठेवायला सांगावेत, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या सतरंजीवर मांडाव्यात, आणि सतरा काड्या प्रत्यक्ष उचलायला सांगाव्यात. सुट्या संपल्या की कोणीतरी आपणहून एका गठ्ठ्याचे रबर सोडते. मग पुन्हा टॅब्लेटवर तीच पाच उदाहरणे द्यावीत. चूक यंत्राने लगेच दाखवली. ती सुधारण्याचे काम काड्यांनी आणि ताईंनी केले. तासाची ही वाटणी ज्या केंद्रात पाळली जाते, तिथेच मुले पुढे सरकतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर तीन महिन्यांनी तीच ‘असर’ चाचणी पुन्हा घ्यावी आणि पातळी बदललेल्या मुलांचे गट बदलावेत. एखादा गट दोन चाचण्यांत जागचा हलला नाही, तर नवा मजकूर शोधण्याऐवजी त्या गटाचा तास कोणी तरी मागे बसून पाहावा. पालकांना गुणांचा तक्ता दाखवू नये. मुलाने त्यांच्यासमोर एक गोष्ट वाचून दाखवावी.

बडोद्याच्या त्या प्रयोगातली आणखी एक नोंद केंद्र चालवणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावी. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने मुलांच्या वाढीपैकी सुमारे ०.१० प्रमाण विचलन एवढीच वाढ शिल्लक राहिली होती. म्हणून मे महिन्यात मुले गावी जाताना केंद्र नुसते बंद करू नये. सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात पालकांना फोन घेऊन बोलवावे, मुलाच्या पातळीच्या वीसेक गोष्टी पीडीएफ स्वरूपात त्यांच्या फोनमध्ये भरून द्याव्यात, जागा असल्यास अँड्रॉइडवरचे कोलिब्री बसवून केंद्राच्या लॅपटॉपवरूनच वजाबाकी-भागाकाराची प्रकरणे उतरवून द्यावीत, आणि दर रविवारी मुलाने त्यांतली एक गोष्ट वाचून ताईंना आवाजी संदेश पाठवावा, असे ठरवून घ्यावे.