मक्यातल्या बुरशीच्या विषावर जिवाणू वापरताय? या चुका टाळा

बुरशी लागलेला मका दिसला की हल्ली पहिला प्रश्न असतो, "कुठलं कल्चर, म्हणजे बाटलीतले जिवाणू, टाकू?" मका किती ओला आहे, विष किती आहे, हे कुणी विचारतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे धान्यावर थेट कल्चर शिंपडणं. साठवणीच्या मक्यात ओलावा १२ ते १४ टक्के. एवढ्या कोरड्यात जिवाणू कामच करत नाहीत. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करणारी बुरशी मात्र त्यांच्यापेक्षा बऱ्याच कमी पाण्यात भागवते. त्यामुळे तुम्ही शिंपडलेलं पाणी आधी तिच्याच उपयोगी पडतं. ओळखीच्या एका कोंबडीखाद्यवाल्याने ऐन पावसाळ्यात ढिगावर कल्चर मारलं आणि वर ताडपत्री ओढली. झाकलं की जिवाणू जोमाने वाढतात, असं बाटली विकणाऱ्याने सांगितलं होतं. काही दिवसांनी ताडपत्री उचलली तर ढिगात हात घालवेना इतकी ऊब, आणि दाण्यांच्या कोंबापाशी पिवळट हिरवी भुकटी. सगळा मका फेकावा लागला. ताक किंवा जीवामृत शिंपडणाऱ्यांची गतही हीच होते.

मी जिवाणू भांड्यातच वापरतो: मका भरडायचा, पाण्यात कालवायचा, तापमान सांभाळायचं. तेवढी सोय नसेल तर मका वाळवा आणि काळे, फुटके दाणे निवडून काढा. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी पडतं.

दुसरी चूक प्रयोगशाळेतली. विष दिसेनासं झालं म्हणजे ते मोडलं, असं नसतं. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू अफलाटॉक्सिन नुसतं अंगाला चिकटवून घेतात, मेलेले असले तरी. एक विद्यार्थी वरच्या पाण्याचा झकास रिपोर्ट घेऊन आला. म्हटलं, सेंट्रीफ्यूजच्या (गरगर फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या यंत्राच्या) नळीत तळाला बसलेल्या जिवाणूंच्या पेशी मिथेनॉलने धू आणि तेही तपास. बहुतेक विष तिथेच सापडलं. तेव्हापासून उकळून मारलेल्या पेशींचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, लावल्याशिवाय मी कुणाचा आलेख बघत नाही. "वेळ नव्हता" हे कारण ऐकून कान किटलेत.

३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली अफलाटॉक्सिनची निळी चमक गेली म्हणून पेढे वाटणारेही भेटतात. त्याच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं कडं उघडलं की चमक जाते. आम्ल मिळालं की ते पुन्हा मिटू शकतं. मी नमुना आम्लात ठेवून परत तपासतो. उरलेला पदार्थ विषारी आहे का, हे वेगळं बघावं लागतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पोत्याच्या तोंडाचा एक मूठ मका म्हणजे नमुना नव्हे. एखाददुसऱ्या दाण्यात विष ठासून भरलेलं असतं, म्हणून अनेक जागचा मका काढून, सगळा एकत्र दळून मगच तपासा. फ्लास्क खिडकीत ठेवू नका, उजेडानेही अफलाटॉक्सिन मोडतं आणि श्रेय जिवाणूंना जातं. बीबीएसएच ७९७ हा गाजलेला जिवाणू गायीच्या पोटातला. तो डॉनसारख्या (ही बुरशीचीच, पण वेगळी विषं) विषांच्या रेणूतला इपॉक्साइड हा विषारी भाग तोडतो, अफलाटॉक्सिनवर त्याची आशा धरू नका. स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया विष मोडतो खरा, पण आजारी माणसाला संसर्गही करतो, त्यामुळे खाद्यात तो नको. आणि काम झालं की भांडी हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या पाण्यात) भिजत घाला, नुसत्या साबणाने भागत नाही.