ग्वाटेमालाच्या गावात मिशन ट्रिप: मुंबईहून जाणाऱ्यांनी काय तयारी करायची

चर्चच्या ग्रुपने मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात सेवाकामाला जायचं, तर सगळ्यात आधी तारीख ठरवा. आपल्याकडे सगळ्यांना मे महिना सोयीचा, पोरांना सुट्टी असते, पण तिकडे मे ते ऑक्टोबर पावसाळा, डोंगरातले कच्चे रस्ते चिखलात जातात आणि बांधकाम असेल तर बोंबललंच म्हणून समजा. नोव्हेंबर ते एप्रिल बघा. स्वेटर घ्याच. तिथलं केत्साल्तेनांगो शहरच 2,300 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1,646, मग रात्री काय गारठा पडत असेल बघा.

डायरेक्ट फ्लाइट नाही. अमेरिकेवरून गेलात तर नुसतं विमान बदलायला पण त्यांचा व्हिसा लागतो, म्हणजे बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटच्या वाऱ्या आल्या, म्हणून तिकीट काढायच्या आधी ते बघा. ग्रुपचा बेत बदलून पेरू किंवा बोलिव्हिया ठरलं तर यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर इथे 6 दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात.

आता कामाचं. तिकडच्या पास्टरला किंवा फादरना आधीच विचारा की नक्की काय हवंय, आणि उत्तर "छपराच्या पत्र्याला पैसे" असं आलं तर खरं सांगू का, पैसेच पाठवा, कारण माणशी तिकिटालाच लाखाच्या वर जातात. भिंत बांधायची असेल तर गावातलाच गवंडी मजुरी देऊन ठेवा आणि तुम्ही त्याच्या हाताखाली बिगारी व्हा, तो सांगेल तसा माल कालवायचा, विटा द्यायच्या. त्याचा रोजगार बुडवून आपण सेवा केली म्हणण्यात काय अर्थ आहे.

स्पॅनिश आपल्याला जड नाही जात, त आणि द अगदी मराठीसारखे, एच बोलायचाच नाही. मोठ्यांशी कायम उस्तेद (म्हणजे तुम्ही), अरे-तुरे नको. इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) चर्चमध्ये एर्मानो, एर्माना (भाऊ, बहीण) म्हणतात आणि भेटल्यावर "दिओस ले बेंदिगा", म्हणजे देव तुमचं भलं करो. पण डोंगरातल्या बऱ्याच गावांत आज्यांना स्पॅनिशही धड येत नाही, किचे, माम, काक्चिकेल असल्या माया भाषा बोलतात, म्हणजे तुमची साक्ष (आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगता ती) दोन दुभाष्यांतून जाणार, तेव्हा छोटी वाक्यं बोला आणि जोक्स विसरा. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेच दुभाष्याचं काम करायचे, जपानमध्ये स्पॅनिश फादरांसाठी, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्यांना क्रूसावर मारलं तेव्हा सोबत मेक्सिकोचे संत फेलिपे पण होते. भारतात ख्रिस्ती असतात का, असं कोणी विचारलं तर हे सांगा. कॅथलिक घर असेल तर लगेच ओळख निघते.

फोटोचं मात्र सिरियसली घ्या. आई-बापाला विचारल्याशिवाय पोराचा फोटो नाही, गोळ्या-चॉकलेटं वाटत फिरायचं नाही, उचलून घ्यायचं नाही. 2000 साली तिथल्याच तोदोस सांतोस कुचुमातान गावात मुलं पळवणारे आलेत अशा अफवेवरून जमावाने एक जपानी पर्यटक आणि बस ड्रायव्हरला ठार मारलं होतं. 2018 ला आपल्याकडे धुळ्याच्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून काय झालं ते आठवत असेल तर जास्त सांगायला नको.

जेवणात काळा घेवडा, अंडी आणि तोर्तिया (मक्याची भाकरी), तिन्ही वेळ. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, दळून त्याचा गोळा करतात आणि बायका दोन्ही तळव्यांत टपटप थापत कोमालवर (त्यांच्या तव्यावर) टाकतात, बाजू उलटायला हात तसाच, उलथणं नाही. आपल्या भाकरीवाल्या मावशींना तिथे लगेच बसवून घेतील, आणि खरी ओळख चर्चपेक्षा त्या चुलीपाशीच होते असं माझं मत. घरचं लोणचं काढून त्यांच्या ताटावर बसू नका. पाणी मात्र उकळलेलं किंवा बाटलीचंच. टॉयलेट पेपर कमोडमध्ये नाही, बाजूच्या डब्यात.

वीज 120 व्होल्टची, पिना चपट्या, त्यामुळे अडॅप्टर लागेल, मोबाईलचा चार्जर चालतो, इथली इस्त्री-किटली नाही. रुपये तिकडे कोणी बदलत नाही, डॉलर न्या आणि शहरातच केत्साल (तिकडचं चलन) करून घ्या. घरी फोन सकाळी 7 ला करायचा, इथे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा असतात, नंतर कामावर गेलात की रेंज असेलच असं नाही.