'पॉलिटिकली करेक्ट' बोलताय? मग या चुका टाळा

'पॉलिटिकली करेक्ट' बोलणं म्हणजे कुणी दुखावू नये म्हणून शब्द जपून वापरणं. त्याच नादात एका मुलाखतीचं संपादन करताना मी शहाणपणा केला. मुलाखत देणारे गृहस्थ म्हणाले होते, "मी जन्मापासून आंधळा आहे." मी 'आंधळा' खोडून 'दृष्टिबाधित' केलं. छापून आल्यावर त्यांचा फोन आला. "हे मी कुठे म्हणालो?" एवढंच त्यांनी विचारलं. मी गप्प.

ज्याच्याबद्दल बोलायचं, त्यालाच न विचारणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. अमेरिकेतल्या 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' या अंधांच्याच संघटनेने १९९३ साली चक्क ठराव केला, की असले आडवळणाचे शब्द नकोत, सरळ 'ब्लाइंड' म्हणा. आपण भलं करायला जातो आणि समोरच्याला वाटतं, माझ्या असण्याची यालाच लाज वाटतेय. अर्थात, तो स्वतःला आंधळा म्हणतो म्हणून दिसेल त्याला 'ए आंधळ्या' म्हणायचा परवाना मिळत नाही. त्याचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवावेत. आपल्या वाक्यात कोणता शब्द चालेल ते विचारून घ्यावं. जुन्या कागदपत्रांतले शब्दही परस्पर बदलू नयेत.

कुणीतरी काढलेलं फर्मान समजणं

असंच बोला, असं फर्मान कुणी काढलेलंच नाही. १७९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांनी 'पॉलिटिकली करेक्ट' हे शब्द वापरले, ते अगदी साध्या अर्थाने: 'अमेरिकेची राज्ये' नव्हे, 'अमेरिकेची जनता' म्हणणं राजकीयदृष्ट्या अचूक. १९७० च्या दशकात तिथले डावे एकमेकांच्या सोवळेपणाची टर उडवायला हेच शब्द वापरायचे. १९९० नंतर मात्र ती विरोधकांनी घालायची शिवी झाली. मे १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी मिशिगन विद्यापीठातल्या दीक्षान्त भाषणात त्यावर टीका केली. म्हणून 'पीसी' (पॉलिटिकली करेक्टचं लघुरूप) हा शब्द कानावर आला की आधी बघावं, बोलणारा नेमकं कशाला विरोध करतोय: सभ्यतेला, की दडपशाहीला?

शब्द बदलला म्हणजे काम झालं

'मोरॉन' (मंदबुद्धी) हा शब्द मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी १९१० मध्ये बुद्धीच्या शास्त्रीय वर्गवारीसाठी घडवला. त्याची शिवी झाली. पुढे 'रिटार्डेड' (मतिमंद) आला, त्याचंही तेच झालं आणि २०१० मध्ये अमेरिकेला संघराज्याच्या कायद्यांतून तो काढून टाकण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तिरस्कार तसाच राहिला, तर नव्या शब्दालाही तो यथावकाश चिकटतो. तरीही बदल फुकट जातो असं मला वाटत नाही. कायद्यात आपल्या मुलाचा उल्लेख शिवीने होऊ नये, ही आईबापांची मागणी रास्तच होती.

सभ्यतेच्या नावाखाली वस्तुस्थिती लपवणं

इथे मर्यादा येते. माणसाला काय म्हणावं, हा सभ्यतेचा प्रश्न. काय घडलं, हा सत्याचा. शंभर जणांना घरी बसवून 'मनुष्यबळाचं सुसूत्रीकरण' म्हणणं ही संवेदनशीलता नव्हे. मी अशा वेळी एकच बघतो: हा शब्द कुणाची अब्रू राखतोय? ज्याच्याबद्दल बोलतोय त्याची, तर ठेवावा. बोलणाऱ्याची, तर खोडावा.

मतभेदाचंही तसंच. एखाद्या समाजाला हिणवू नये हे खरं, पण त्या समाजातल्या एखाद्या प्रथेवर किंवा नेत्यावर टीका केली की लगेच 'भावना दुखावल्या' म्हणत चर्चाच बंद करायची, हे मला मान्य नाही. विनोदाबद्दल काही ठाम नियम सांगता येत नाही; कोण कुणावर हसतंय ते बघावं.

चुकल्यावर लांबण लावणं

कुणी शब्द सुधारला तर "माफ करा" म्हणून पुढे जावं. दहा मिनिटं आपला हेतू समजावत बसलं, की त्या बिचाऱ्यालाच आपली समजूत काढावी लागते.

मीही फोनवर स्पष्टीकरण सुरू केलं होतं. त्यांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "शब्द परत लावा, झालं." ऑनलाइन मजकुरात मी तो लावला. छापील अंकात मात्र ते अजून दृष्टिबाधितच आहेत.